हौसाआत्यानं विचारलेला प्रश्न

आमच्या पेठेतल्या लोकांना रडायला फार आवडायचं. हे कुणाला खरं वाटणार नाही, कारण कोल्हापूरचा माणूस म्हणजे मोठ्यानं बोलणारा, तोंडावर सांगणारा, पाठीत धपाटा घालून "काय पावणं, कवा आलासा" विचारणारा. पण रविवारी दुपारी चार वाजता तालमीमागच्या हॉलच्या खिडक्यांवर घोंगडी टाकून अंधार केला आणि पडद्यावर दंगलीत घर जळालेला एखादा म्हातारा दिसला, की रोज हजार जोर मारणारे गडीसुद्धा टॉवेलानं डोळे पुसायचे. रडायचे, माना डोलवायचे, खिडक्या उघडल्यावर भडंगाची पुडी हातात घेऊन "लई चांगलं दाखवलासा मास्तर" म्हणायचे, आणि घरी जाऊन सकाळी जे करत होते तेच पुन्हा करायचे. या रडण्याचा मला तेव्हा जो राग यायचा तो सत्तरी ओलांडली तरी उतरलेला नाही. आता कुणी माझ्यासमोर टीव्हीवरच्या गरिबाला बघून डोळ्यांना पदर लावला की मी उठून आत जाते. सुना म्हणतात, सासूबाईंचं डोकं फिरलं. फिरू दे.

मास्तर म्हणजे माझे वडील, आबा. शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि जगात माणसं एकमेकांशी चांगली वागत नाहीत याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वाईट वाटायचंच. त्यांनी आणि रशीदभाईंनी मिळून हे चित्रमंडळ काढलं होतं. रशीदभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एका संस्थेनं मोडीत काढलेला प्रोजेक्टर त्यांनी महिनाभर खपून चालता केला होता. सरकारी खात्याकडून आणि पुण्याच्या एका संस्थेकडून रिळं यायची. विषय ठरलेले: धर्म, शांती, न्याय. कुठं सर्व धर्मांची देवळं-मशिदी, कुठं अस्पृश्यता, कुठं सावकारी, कुठं लढाईनंतरची पोरकी मुलं. हॉल खरं तर लग्नाच्या पंगतींसाठी बांधलेला. त्याच हॉलमध्ये तालमीचा गणपती बसायचा आणि मोहरमात पंजाही बसायचा, एकदा तर दोन्ही एकाच वेळी आले तेव्हा शेजारी शेजारी बसले, आणि त्यात आम्हाला कुणालाच काही विशेष वाटलं नव्हतं. बाहेरगावचे पाहुणे आले की आबा हे आवर्जून सांगायचे. जे आपोआप चालत होतं ते सांगायला त्यांना फार आवडायचं.

लघुपट हिंदीत किंवा इंग्रजीत असायचे. रशीदभाई आवाज बारीक करायचे आणि त्यावर मराठीत कॉमेंट्री वाचायची, अशी पद्धत. मजकूर आबा लिहायचे, वाचायची मी. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलं होतं आणि आवाज असा की पंचगंगेवरनं हाक मारली तर पेठेत ऐकू येईल, असं आई म्हणायची. त्या वर्षी मी नुकतीच कॉलेजात गेले होते. प्रोजेक्टरच्या शेजारी स्टुलावर बसायचं, मांडीवर कागद, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात माईक. मशीनची करकर, तापलेल्या तेलाचा वास, आणि त्या अंधारात सगळ्या पेठेनं गप्प बसून माझं ऐकायचं. आठवडाभर मी रविवारची वाट बघायचे. पुढच्या बाजूला बसणारी बाई मी एकटीच होते, हे इथंच सांगून टाकते.

कारण बाकीच्या बायका पडद्याच्या मागं बसायच्या. पडदा म्हणजे कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं दिलेलं मांजरपाट कापड, इतकं पातळ की चित्र दोन्हीकडून तेवढंच स्पष्ट दिसायचं. तो हॉलच्या मधोमध बांधायचा. पुढच्या दारानं गडी यायचे, मागच्या दारानं बायका. हा नियम आबांनीच केला होता. "एकत्र बसवलं तर घरातनं पाठवणारच न्हाईत बायकास्नी. आधी येऊ तर देत. हळूहळू होईल सगळं." हा हळूहळू त्यांचा लाडका शब्द होता. अहिंसेवरचा लघुपट दाखवला तेव्हा त्यांनी जाहीर केलं की आपल्या घरी रविवारचं मटण बंद. कोल्हापुरात रविवारी चुलीवर रस्सा नाही म्हणजे घरात सुतक असल्यासारखं. दोन रविवार आम्ही दोडका खाऊन काढले. तिसऱ्या रविवारी कागलहून मामा आले. "पाहुण्यांपुरतं करा," आबा म्हणाले, आणि पाहुण्याला एकट्याला कसं जेवू द्यायचं म्हणून स्वतःही पाटावर बसले. तांबड्या रश्श्याच्या दोन वाट्या झाल्यावर म्हणाले, "हळूहळू सुटंल."

तर त्या पडद्यामागं एक गंमत झाली. पुढचे सगळे तिला गंमत म्हणाले, मी म्हणत नाही. सहभोजनावरचा लघुपट होता. एका खेड्यात गावकरी आणि दलित वस्तीतली माणसं एका पंगतीला बसून जेवतात, म्हाताऱ्या पुजाऱ्याच्या हाताला पहिला घास घेताना कंप सुटतो, असं फार सुंदर चित्रण होतं. मी वाचताना माझाही आवाज भरून आला. पुढची बाजू नेहमीप्रमाणे मुसमुसत होती. मागनं मात्र खुसखुस, मग कुजबुज, मग चक्क हसणं. मला वाटलं, काय दगडाच्या बायका आहेत. दुसऱ्या दिवशी नळावर आमच्या शेजारच्या सोनाबाईंनी आबांना गाठलं. "मास्तर, शिनेमा चांगला हुता. पर त्या लोकास्नी आधी उजव्या हातानं जेवायला शिकवा की. आख्खी पंगत डाव्या हातानं जेवायल्ती."

आबांना कळेना. मला आधी कळलं. मागनं बघितलं की चित्र उलटं दिसतं. डावा तो उजवा, उजवा तो डावा. तीन वर्षं आमच्या पेठेतल्या बायका सगळं जग उलटं बघत होत्या आणि कुणी काही बोललं नव्हतं, कारण मारामारीत नि मोर्च्यात ते लक्षात येत नाही, आणि पडद्यावरची अक्षरं बहुतेकींना वाचता यायची नाहीत. जेवणात येतं. आणि त्यातनं त्यांनी काढलेला अर्थ तर ऐका. एक म्हातारी म्हणाली, "जात सोडून पंगतीला बसलं की हात बी इसरतोय माणूस." महिनाभर पेठेत चर्चा सहभोजनाची नव्हती, डाव्या हाताची होती. आम्ही ज्यासाठी तो लघुपट आणला त्याच्या नेमकं उलटं शिकून बायका घरी गेल्या. आबा हसले, शाळेतल्या मास्तरांना सांगून हसले, जेवताना आठवून हसले. मी ताट सारून उठले. म्हटलं, "हसताय काय आबा? त्यांना पुढं बसवा."

"बसवू की. हळूहळू."

रशीदभाई आमच्या ओसरीवर रीळ गुंडाळत बसले होते. हा माणूस कमी बोलायचा. म्हणाले, "मास्तर, एक काम करू. येत्या ऐतवारी मशीन पलीकडं मांडतो. बायका बघतील सरळ, गडी बघतील उलटं."

"गडी येणार न्हाईत मग, रशीदभाई."

"मग बायका कशा येत्यात वं तीन वर्सं?"

आबांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते काहीतरी अर्धं करायचे. लघुपटानंतर चर्चा व्हायची, तीत फक्त गडी बोलायचे. आबांनी जाहीर केलं की इथून पुढं भगिनींनीही प्रश्न विचारावेत, मात्र जागेवरूनच, म्हणजे पडद्यामागनंच. पहिल्या रविवारी कुणी तोंड उघडलं नाही. "बघ," आबा मला म्हणाले, "त्यांचीच तयारी न्हाय अजून."

आता हौसाआत्याबद्दल. आबांची धाकटी बहीण. लग्न झालं आणि दीड वर्षात नवरा गेला, तेव्हापासून आमच्या घरी. त्या वेळी तिला पस्तिशीही लागली नसेल, पण मला ती म्हातारी वाटायची, कारण घरात तिचा आवाजच नव्हता. पाणी तापलंय, वाढू का, दूध आलं, एवढीच वाक्यं, तीही पदराआडनं. आईला दम्याचा त्रास, त्यामुळं पहाटेच्या बंबापासून रात्रीच्या ओट्यापर्यंत सगळं आत्याचं. मंडळाचं भडंगही तीच करायची: कढईत लसूण तडतडला की त्याच्या वासानं गल्लीतली पोरं दारात यायची, मग चटणी, शेंगदाणे, आणि पोत्यातले चुरमुरे ती दोन्ही हातांनी असे खालीवर करायची की एकही चुरमुरा पांढरा राहायचा नाही. ते पुड्यांत बांधून ती चारच्या आत हॉलवर पोचवायची, मागच्या दारानं, आणि पडद्यामागं पहिल्या ओळीत बसायची. एकही रविवार तिनं चुकवला नाही. सातवी चांगल्या गुणांनी पास झालेली होती. आबांच्या कॉमेंट्रीची शुद्ध प्रत तीच काढून द्यायची, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

एकदा चर्चेला मलकापूरहून एक बाई आल्या होत्या, मुलींचं वसतिगृह चालवायच्या. आमच्याकडं दोन दिवस राहिल्या. आत्यानं वीस माणसांचा स्वयंपाक हूं की चूं न करता उरकला, वसतिगृहाचं कोठीघर कसं लावावं हे बोलता बोलता सांगितलं, ते त्यांनी बघून ठेवलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं. वसतिगृहात मुलींवर देखरेख करायला आणि कोठी सांभाळायला बाई हवी होती. राहायला स्वतंत्र खोली, पगार, आणि मुलींना संध्याकाळी वाचून दाखवायचं. पत्र हौसाआत्याच्या नावानं होतं. त्या घरात तिच्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र. आबांनी फोडलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "चांगल्या बाई हाईत. पण हे काय बरं दिसत न्हाय. लोक म्हणतील, मास्तरला बहिणीची भाकरी जड झाली." पत्र टेबलाच्या खणात गेलं. आत्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "पहिल्या तारखेच्या आत कळवा म्हणून लिवलंय न्हवं?" आबा म्हणाले, "बघू." आईला रात्री धाप लागायची, ती काय बोलणार.

मी त्या रात्री आबांशी भांडले. तावातावानं भांडले, न्याय, समता, जेवढे शब्द त्यांनीच मला वाचायला लिहून दिले होते तेवढे सगळे त्यांच्या अंगावर टाकले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "शालन, वाचतेस तशीच बोलतेस बघ, छान." त्यांना माझं कौतुक वाटत होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

महिना संपायला आठ दिवस राहिले असताना बायकांवरचा लघुपट आला. कुठल्याशा डोंगराळ भागातल्या बायका, घराबाहेर पडून शाळा चालवतात, दवाखाना चालवतात. हॉल भरला होता. मी मन लावून वाचलं. संपल्यावर खिडक्यांवरची घोंगडी काढायच्या आधीच आबा उठले, टोपी सारखी केली, आणि भाषण केलं. मग नेहमीप्रमाणे, "कुणाला काही विचारायचंय?" पुढनं दोघांनी काहीतरी विचारलं. आबा खाली बसणार तेवढ्यात पडद्यामागनं आवाज आला.

"मला इचारायचंय."

खणखणीत आवाज. तीन वर्षांत पडद्यामागनं कुणा बाईनं पुढच्यांना काही विचारलं नव्हतं.

"विचारा भगिनी, निःसंकोच विचारा," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी क्वचित बघितला.

"एक बाई हाय. मालक वारल्यात. भावाच्या घरात राहती. तिला परगावी नोकरी आलीया. भाऊ वाईट न्हाय, पर नको म्हणतोय. तिनं काय करावं?"

मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. रशीदभाईंनाही कळलं असावं, कारण त्यांनी रीळ सोडून माझ्याकडं बघितलं. आबांना कळलं नाही. आज कुणाला हे अशक्य वाटेल, सख्ख्या बहिणीचा आवाज ओळखू नये. पण तो आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता कधी; त्यांनी ऐकला होता तो पाणी तापलंयचा आवाज. ते दोन पावलं पुढं आले आणि पडद्याकडं तोंड करून त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. त्या भगिनीनं निघावं. भाऊ खाऊ घालतो म्हणून तो मालक होत नाही. परवानगी मागायचं कारणच नाही, सांगून निघावं. आणि लोक काय म्हणतील या भयानं जो भाऊ बहिणीला अडवतो, त्याला या पेठेनं जाब विचारला पाहिजे. तसा भाऊ आपल्यात असेल तर मी स्वतः त्याच्या दारात जाईन. टाळ्यांनी हॉल दणाणला. मागच्या बाजूनंही टाळ्या आल्या, बांगड्यांसकट. माईक माझ्या हातात होता, चालू होता.

आत्यानं ते घरी जेवताना काढलं. आबांच्या ताटात भाकरी वाढली आणि तिथंच उभी राहिली. "दादा, तुमी आज मला जा म्हणालासा न्हवं. मग भरू का पिशवी?"

आबांचा घास हातात राहिला. मला वाटलं आता हा माणूस हसेल, लाजेल, आणि हो म्हणेल. त्यांचे डोळे भरलेही. मग म्हणाले, "हौसा, तो प्रश्न समाजाचा होता गं. त्याचं उत्तर तेच. पण तू घरातली हाईस."

"म्हंजे समाजात कोण कोण येतंय दादा?"

"तसं न्हवं ते. वहिनीची तब्येत बघतेस न्हवं तू? हळूहळू बघू आपण. पुढच्या वर्षी."

आत्यानं आणखी एक भाकरी आणली. आबांनी ती नको म्हटली, जेवण अर्धं सोडून उठले, आणि रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी त्यांनी मलकापूरला पत्र लिहिलं, घरगुती अडचणीमुळं येता येत नाही, आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल ऋणी आहोत. ते पत्र टाकायला जाताना त्यांचा चेहरा इतका पडलेला होता की वाटेत भेटलेल्यांनी बरं नाही का म्हणून विचारलं. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. आत्या आमच्या घरातच राहिली, आईचं सगळं तिनं केलं, पुढं आबांचंही केलं.

मी आबांशी बोलणं टाकलं. दोन दिवस जेवले नाही. मैत्रिणींना सांगत सुटले की माझा बाप ढोंगी आहे. सगळ्या घरात अन्यायाविरुद्ध लढणारी एकटी मीच, असं मला वाटत होतं, आणि त्यात एक प्रकारचं सुख होतं हेही आता कबूल करते. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात गेले. आत्या पाट्यावर चटणी वाटत होती. मी तिच्यावरच कावले. "तू भांडलीस का न्हाईस? एवढं इचारलंस, मग गप का बसलीस?"

तिनं वरवंटा थांबवला नाही. "पेठेसमोर इचारलं की मी. अजून कुठं जाऊन इचारू?"

"पण त्यास्नी कळलंच न्हाय ना तू हाईस ते."

"तुला कळलंतं की."

मी पाट्याभोवती सांडलेली चटणी बोटानं गोळा करायला लागले.

"मी पडद्याच्या आतनं वाट बघत हुतो," ती म्हणाली. रागानं नाही, चटणीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. "म्हटलं, शालन आता म्हणंल, आबा, ही आमची आत्या हाय. माईक तुज्याजवळ हुता. येवढंच म्हणायचं हुतं. मग त्यास्नी मागं फिरता आलं नसतं."

ती जे बोलली नाही ते मी इथं लिहिते, कारण आता ते लपवण्याचं काही कारण उरलं नाही. टाळ्या चालू असताना मी माईक तोंडापाशी नेला होता. आणि तेवढ्या वेळात माझ्या मनात हिशेब झाला होता, की आत्या मलकापूरला गेली तर आई आजारी, मग चूल माझ्याकडं येणार, भडंग माझ्याकडं येणार, आणि स्टुलावर दुसरं कुणी बसणार. मी बटण बंद केलं होतं.

पुढच्या रविवारी शांतीवरचा लघुपट होता. मी वाचला. सगळे म्हणाले, आज फारच छान वाचलंस.